कॅमेरूनबद्दल बेसिक माहिती हवी आहे

मीनल_का: ऑनलाइन कोर्समध्ये माझी प्रोजेक्ट पार्टनर कॅमेरूनची आहे. मला १९९० चा फुटबॉल वर्ल्ड कप आणि त्यांचा खेळाडू रॉजर मिला एवढंच माहितीये. ती इंग्लिश बोलते पण म्हणाली आमच्याकडे बहुतेक लोक फ्रेंचवाले, हे कसं काय? इतिहास, जेवणखाण, काहीही सांगा, तिच्याशी नीट बोलता यायला हवं.

जुनापुराणा: १८८४ पासून कॅमेरून जर्मनीची वसाहत, पहिल्या महायुद्धात जर्मन हरले आणि फ्रान्स-ब्रिटननी देश वाटून घेतला, मोठा वाटा फ्रान्सला आणि नायजेरियाला लागून असलेली पट्टी ब्रिटनला. फ्रेंच भाग १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला, १९६१ ला ब्रिटिश पट्टीत मतदान झालं, त्यात उत्तरेकडचे नायजेरियात गेले आणि दक्षिणेकडचे कॅमेरूनमध्ये आले. म्हणून आज १० पैकी ८ प्रांत फ्रेंच, २ इंग्लिश. दोन्ही भाषा सरकारी आहेत पण कारभारात फ्रेंचचंच वजन जास्त. इंग्लिश भागात २०१६ ला वकील-शिक्षक रस्त्यावर उतरले, पुढे त्याचं सशस्त्र संघर्षात रूपांतर झालं आणि लाखो लोकांना घर सोडावं लागलं. तिचं घर तिकडचं असू शकतं, त्यामुळे हा विषय तिने काढला तरच बोला, आणि शांतपणे ऐकून घ्या.

रानभाजी: जेवणाचं मी सांगते, एन्दोले विचार तिला! कडू पाला असतो, तो उकळून, चोळून, पुन्हा पुन्हा धुऊन कडवटपणा काढायचा आणि मग वाटलेले शेंगदाणे, सुकी कोळंबी किंवा मटण घालून शिजवायचा. सोबत केळी (आपली गोड नव्हेत, भाजीची मोठी) नाहीतर कसावा हा कंद आंबवून, पानात बांधून उकडलेल्या कांड्या. दुआलाच्या किनारपट्टीचा पदार्थ, पण आता देशभर खातात.

लिपीवेडा: फुंबानच्या राजा न्जोयाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही!! बामुम लोकांचा राजा, १८९६ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेसाठी स्वतःची लिपी बनवायला घेतली, आधी पाचशेच्या आसपास चित्रं होती, सुधारत सुधारत ८० चिन्हांवर आणली, शाळा काढल्या, राज्याचा इतिहास लिहून घेतला. फ्रेंचांनी त्या शाळा बंद केल्या, राजाला याउंदे शहरात हद्दपार केलं, १९३३ ला तिथेच वारला. माझ्या मते कॅमेरून समजून घ्यायचा तर फुटबॉलच्या आधी हा माणूस वाचावा. ती लिपी आता युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर लिप्या लिहिण्याचं मानक) पण आहे.

मीनल_का: हे भारीच आहे, न्जोयाचं तर आजच वाचते. राजधानी दुआला ना?

जुनापुराणा: नाही नाही, राजधानी याउंदे. दुआला बंदर आहे, व्यापाराचं मोठं केंद्र. चलन सीएफए फ्रँक, चाड, गॅबनसकट सहा देशांत मिळून एकच चालतं आणि युरोला बांधलेलं आहे, १ युरोला साधारण ६५६ फ्रँक.