मदत हवी आहे: इंद्रायणी भाताची चव आणि थंडीतली उगवण एका वाणात कशी आणायची?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं शेत आहे. नदीकाठच्या तुकड्यात उन्हाळी भात करतो. तरू (रोपांचा वाफा) डिसेंबरअखेर टाकावा लागतो आणि नेमका तेव्हाच पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो. इंद्रायणीचं बी भिजवून, गोणपाटात बांधून, गवताची ऊब देऊन मोड आणतो, तोवर ठीक. वाफ्यात पडलं की मुकाट बसतं. निम्मं उगवतं, निम्मं चिमण्यांचं. जाडं भात बरं उगवतं, पण आमची आजी त्या भाताचं ताट सरळ पुढं ढकलते.

म्हणून संकर करून बघायचाय. फुलातले पुंकेसर काढायला शिकलोय. वाचलं ते असं, की इटालिका लिव्होर्नो या इटालियन वाणात तिसऱ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्यामुळं १५ अंशांतही बी लवकर फुटतं. जपान्यांनी ते २००८ साली नेमकं ओळखलं. वासाचं जनुक आठव्यावर, मऊपणाचं सहाव्यावर. म्हणजे कागदावर तरी तिन्ही सुटी, एकमेकांना बांधलेली नाहीत.

विचारायचं हे: इंद्रायणी आई घेऊ की बाप? आणि दुसऱ्या पिढीचं सगळं बी थंडीत टाकून उगवेल तेवढंच ठेवलं, तर वासाची रोपं हातची जातील का? प्रयोगशाळेतली तपासणी परवडणारी नाही.

चंदगडकर:
आई इंद्रायणीच घ्या. वासाचं जनुक अप्रभावी (आईबाप दोघांकडून आलं तरच गुण दिसतो), त्यामुळं खऱ्या संकराच्या पहिल्या पिढीला वास येत नाही. जे रोप वास देईल ते आईचंच स्वपरागित समजून उपटा. वास बघायला भात शिजेपर्यंत थांबू नका. पानाचे तुकडे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा आणि हुंगा. हातमोजे घाला, कातडी जळते.

थंडीच्या चाळणीनं वास जात नाही, उगवलेल्यांत चौथा हिस्सा वासाची निघतातच. दोन्ही गुण पक्के झालेलं मात्र सोळात एक, तेव्हा वाफा मोठा ठेवा. शेजारी तुलनेला त्याच हंगामाचं इंद्रायणीचं बी टाका. ताज्या बियाची सुप्तावस्था आणि थंडीची सुस्ती वरून सारखीच दिसते.

भातखाचर:
बाप जपोनिका नको, बाबा, मग तो इटालियन असो की जपानी; आपलं इंद्रायणी इंडिका गटातलं. इंडिका-जपोनिका संकरात पळींज (पोकळ दाणे) फार पडतं, आणि उत्तर जपानातल्या होक्काइदोची वाणं आपल्याकडं गुडघ्याएवढी असतानाच फुलोऱ्यावर येतात. बंगाल-आसामात बोरो भाताचं बी नोव्हेंबर-डिसेंबरात, थंडीतच टाकतात. बाप तिथला शोधा. आणि चव म्हणजे नुसता वास नव्हे, निवडलेल्या रोपांचा पुन्हा इंद्रायणीशी संकर करावा लागेल.

धागाकर्ता:
बोरोचं सुचलंच नव्हतं! पण पुन्हा इंद्रायणीशी जोडताना प्रत्येक फेरीला थंडीची चाळणी लावायची, की शेवटी एकदाच?

चंदगडकर:
प्रत्येक फेरीला. पण अर्धवट गुणाची रोपं (थंडीचं जनुक एकाच बाजूनं आलेली) थंडीत मागं पडू शकतात, म्हणून थोडं बी स्वपरागानं पुढं नेऊन मगच तपासा. एक हंगाम जास्त जाईल.