युगांडातल्या मिशन दवाखान्यात सहा आठवडे : रोजचं राहणं कसं सांभाळायचं?

प्रश्न | तरुणसंघ_नगर

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतले चौघे (नर्सिंग झालेल्या दोन मुली, एक वायरमन, एक संडेस्कूलचा शिक्षक) सहा आठवड्यांसाठी पूर्व युगांडात, बुसोगा भागातल्या एका खेड्यात मिशन दवाखान्यात सेवेला जात आहेत. व्हिसा-तिकिटांचं यजमान मंडळी बघते आहे. आवारातच खोली मिळेल. नळ नाही, विजेचा भरवसा नाही. पाणी, कपडे, मलेरियाच्या गोळ्या, रविवारची उपासना याबद्दल नीट माहिती हवी आहे. शिवाय लोकांनी दोन खोकी औषधं आणून दिली आहेत. ती न्यावीत का?

उत्तर | विहीरकाठ

पाण्यापासून सुरुवात करते, कारण तिथला दिवस पाण्याभोवतीच फिरतो. पाणी येतं पिवळ्या जेरीकॅनमधून, एकात वीस लिटर. म्हणजे वीस किलोंचं ओझं, आणि ते हातपंपावरून कुणीतरी, बहुतेकदा एखादी बाई किंवा मूल, वाहून आणतं. दिवसाला किती कॅन लागतील हे चौघांनी पहिल्याच दिवशी ठरवा आणि आणायची पाळी स्वतःकडे घ्या. बादली-तांब्याची आंघोळ आठ-दहा लिटरमध्ये नीट होते.

पिण्याचं पाणी गढूळ असेल तर निवळू द्या, चौपदरी फडक्यातून गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तशीच ठेवा. तेवढं पुरतं. दहा-दहा मिनिटं उकळण्यात यजमानांचा कोळसा जळतो, आणि तो विकतचा असतो. तिथे कोळशाच्या शेगडीला 'सिगिरी' म्हणतात, आपली सिगडीच ती! रात्रीच्या स्वयंपाकाच्या निखाऱ्यांवर पातेलं चढवलं की कोळसा कमी लागतो. खरी चूक होते ती नंतर: उकळलेल्या पाण्यात हातासकट ग्लास बुडवला की केलेलं सगळं फुकट. तोटीचं भांडं किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा, आणि उकळलेलं पाणी परत कच्च्या पाण्याच्या कॅनमध्ये ओतू नका. पत्र्यावरून टाकीत येणारं पावसाचं पाणी चांगलं, पण पहिल्या सरीचं सोडून द्यायचं. त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. पेटती शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. कोळशाच्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आता कपडे. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर 'मँगो फ्लाय' नावाची माशी अंडी घालते. कपडा अंगात गेला की अळी कातडीत शिरते आणि काही दिवसांत गळवासारखा फोड येतो, मधोमध बारीक काळा ठिपका. म्हणून तिथे इस्त्री ही चैन नव्हे. प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्रीखाली जायला हवा: शिवणी, इलॅस्टिक, आतले कपडे, टॉवेल, चादरी, सगळं. वीज नसेल तेव्हा कोळशाची इस्त्री असते. ठिणग्या पडतात, म्हणून वर ओलं फडकं टाकून फिरवा. सिंथेटिक कपडे त्या उष्णतेत टिकत नाहीत, सुतीच न्या. फोड झालाच तर दाबू नका, अळी आत फुटली की पिकतं. वर व्हॅसलिनचा जाड थर द्या. श्वास कोंडला की ती वर येते, मग दवाखान्यात अलगद काढून घ्या.

पायांत बंद बूट ठेवा. त्या भागात 'जिगर' नावाची पिसू मातीतून पायात, विशेषतः नखांच्या कडेला घुसते. ती निर्जंतुक सुईनेच काढायची. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, तेही बघा.

उत्तर | परिचारिका_जालना

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. युगांडात शिरताना लागतंच, पण भारतात परततानाही लागतं. नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य आहे.

मलेरियासाठी कोणती गोळी, हे डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासून ठरवायचं. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिली तर हिशेब असा: निघण्याआधी 2 दिवस, तिथले 42 दिवस, परतल्यावर 28 दिवस. माणशी 72 गोळ्या, सगळ्या इथूनच न्या. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास तरी आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. अँटासिड किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत नको, औषध शोषलं जात नाही. उन्हाने कातडी भाजते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. गर्भवतींना ही गोळी चालत नाही. घरी पोचल्यावर शेवटचे 28 दिवस बंद करणारे फार, आणि ताप येतो तो त्यामुळेच. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी 'आफ्रिकेहून आलोय' हे सांगा.

गोळी घेतली तरी मच्छरदाणी हवीच. औषध लावलेली घ्या आणि चारही कडा गादीखाली खोचा. दाणीला हात-पाय टेकून झोपलात तर डास बाहेरून चावतो.

दोन खोकी औषधं नेऊ नका, हे मी ठामपणे सांगते. औषध आयातीला तिथल्या राष्ट्रीय औषध प्राधिकरणाची परवानगी लागते. सुट्या पट्ट्या, मुदत संपत आलेलं सिरप, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या ओळखीची नसलेली भारतीय ब्रँड-नावं, याचं ओझं त्याच दवाखान्यावर पडतं आणि नष्ट करायचा खर्चही त्यांचाच. आधी दवाखान्याकडून यादी मागवा आणि जमलेले पैसे द्या, ते तिथेच खरेदी करतील. मुलींनीही तिथल्या परवान्याशिवाय स्वतंत्रपणे औषध देऊ नये. तिथल्या नर्सच्या देखरेखीखाली ड्रेसिंग, नोंदी, वजन घेणं करावं.

पुन्हा प्रश्न | तरुणसंघ_नगर

फार मोलाची माहिती. खोकी इथल्याच धर्मादाय दवाखान्याला विचारून देतो. उपासना आणि लोकांशी वागणं, याबद्दल कुणी सांगेल का?

उत्तर | संडेस्कूल_वसई

आधी घड्याळ. तिथल्या भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे 'एक वाजला', नऊ म्हणजे 'तीन'. इंग्रजीत बोलताना सहसा आपलंच घड्याळ वापरतात, पण लुगांडा किंवा लुसोगातून वेळ कळली तर पुन्हा विचारून घ्या.

रविवारची उपासना तीन-चार तास चालू शकते. पाहुण्यांना उभं करून दोन शब्द बोलायला लावतात: नाव, गाव, मंडळी आणि सलाम, एका मिनिटात आटोपा. दुभाषी असेल तर एक छोटं वाक्य बोलून थांबा. लांब वाक्याचा शेवट हरवतो आणि तो बिचारा स्वतःचंच काही जोडतो. मुलींनी गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा सलवार-कुर्ता घालावा. तिथल्या बायका वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. तुमच्याकडून ती अपेक्षा नसते, पण किंचित वाकून दोन्ही हातांनी हात मिळवा.

तुम्हाला 'मुयिंडी' म्हणतील, म्हणजे भारतीय. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावलं, त्याआधी आणि नंतरही भारतीय म्हणजे दुकानदार, कारखानदार अशीच तिथे ओळख. भारतीय माणूस ख्रिस्ती आहे याचं नवल करतात. पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक यांची ओळख दोन-तीन वाक्यांत इंग्रजीत तयार ठेवा, विचारतातच.

मुलांना हातोहात चॉकलेट-पैसे वाटू नका, मग दुसऱ्या दिवसापासून वर्गाऐवजी झुंबड जमते. वह्या-खडू शिक्षकांच्या हाती द्या. मुलांसोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, दोन मोठी माणसं हवीत. रुग्णांचे फोटो अजिबात नकोत.

जेवणात पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), मटोके (शिजवलेली हिरवी केळी), घेवडा, शेंगदाण्याचं कालवण. 'डोडो' नावाची भाजी मिळाली तर ओळखीची वाटेल, ती माठाचीच जात. घरचा मसाला पाव किलो पुरे.

उत्तर | तारतंत्री

वायरमन भावासाठी. प्लग तीन चौकोनी पिनांचा, व्होल्टेज आपल्यासारखंच. धोका रंगांचा आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आपल्यासारखाच काळा न्यूट्रल. नव्या पद्धतीत निळा न्यूट्रल असतो, आणि थ्री-फेजमध्ये काळा हा फेज, म्हणजे जिवंत तार! एकाच आवारात जुनी आणि नवी इमारत असेल तर दोन्ही सापडू शकतात. रंग बघून हात लावू नका, मल्टीमीटर न्या आणि प्रत्येक तार तपासा. लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांत राहावा लागतो. तो सोलरवर असेल तर त्या बॅटरीवर मोबाइल चार्जर, इस्त्री काहीही जोडू देऊ नका. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका, आणि पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, टाकीतलं नको.