ढगाळ हवेत बेदाणा शेडमधला माल वाळेनासा होतो : मदत हवी आहे

जाणकारांना नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आणि स्वतःची बेदाणा शेड आहे. यंदा मार्चअखेर रॅकवर माल टाकला आणि पाचव्या दिवशी आभाळ भरून आले. पाऊस पडला नाही, पण एरवी पंधरा दिवसांत तयार होणारा बेदाणा तीन आठवडे रेंगाळला आणि मधल्या कप्प्यांतला माल काळपट पडला.

डिपिंग (वाळवण्याआधी द्राक्षे द्रावणात बुडवणे) नेहमीप्रमाणेच होते : शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. त्यामुळे मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाणी बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली होती, असे मी धरून चालतो. अडले ते त्यापुढे, म्हणजे पाण्याची वाफ होण्यात.

शेडमध्ये मी दोन तापमापक शेजारी टांगले आहेत, त्यांतील एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली असते. निरभ्र दिवशी दुपारी कोरडा 36 अंश आणि ओला 20 अंश दाखवत होता, म्हणजे आर्द्रता जेमतेम 22 टक्के. ढगाळ दिवसांत मात्र कोरडा 33 आणि ओला 28, म्हणजे आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास. तापमान तीनच अंशांनी उतरले, पण वाळणे जवळजवळ थांबले. पाणी उकळी न येताही कोणत्याही तापमानाला हवेत जाते, परंतु हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर जितके रेणू मण्यातून निघतात जवळजवळ तितकेच परत येतात, एवढे मला समजते. शिवाय मणी सुकेल तशी आतली साखर दाट होऊन उरलेले पाणी धरून ठेवते. बहुधा म्हणूनच अर्धवट वाळलेला माल पहाटे हाताला पुन्हा मऊ आणि चिकट लागत होता.

दुसरी गोष्ट अशी, की बाहेरच्या बाजूचे घड आणि मधले घड एकाच वेळी हातात घेतले, तर मधले स्पष्ट गार लागतात. वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि कडेच्या घडांवरून आलेला वारा मध्यापर्यंत पोहोचेतो थंड व दमट होतो, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

शेजारचे काका म्हणतात, "पडदे सोडून आत हीटर लावा." मी हिशेब केला. एक टन द्राक्षांतून साधारण 750 किलो पाणी काढावे लागते, आणि शेडच्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे टनामागे जवळपास 500 युनिट वीज, तीही वाया न जाता पोहोचली तर. ऊन आणि वारा हे काम फुकट करतात, हे त्या दिवशी प्रथमच आकड्यांत कळले.

हीटरने हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता वाढेल हे खरे, पण पडदे बंद असतील तर तेच बाष्प आत साठत जाईल. म्हणून मला हीटरपेक्षा एक्झॉस्ट पंखे आधी घ्यावेसे वाटतात. मात्र बाहेरची हवाच 70 टक्के दमट असताना नुसत्या पंख्यांनी कितपत फरक पडेल? पंखे रात्री बंद ठेवून पडदे सोडावेत, की चालूच ठेवावेत? ज्यांनी शेडमध्ये हीटर आणि पंखे दोन्ही एकत्र वापरले आहेत, त्यांनी पंखे रॅकच्या कोणत्या बाजूला बसवले आणि मधल्या कप्प्यांतला माल किती दिवसांत उतरवला, ते कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या हंगामाआधी काम करून घ्यायचे आहे.