पैसे भरून जायच्या लीडरशिप कॉन्फरन्स: गेलाय का, पोरांना पाठवलंय का? अनुभव लिहा

विश्रामबागकर (सांगली)
भाची इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मेल आलाय की तुमची निवड झाली, बँकॉकला चार दिवसांची इंटरनॅशनल यूथ लीडरशिप समिट, फी 72 हजार, विमानाचं तिकीट वेगळं, आणि रविवारच्या आत भरले तर अर्ली बर्ड म्हणून 8 हजार कमी. घरात दोन पार्ट्या पडल्यात. ताई म्हणतीय पोरगी मिरज जंक्शनच्या पुढं कधी एकटी गेली नाही, जाऊ दे, दाजी तर पतसंस्थेत चौकशी करून पण आलेत, आणि आजी म्हणतात तेवढ्यात दुभती म्हैस येती. दोन्हीकडनं फोन मलाच, कारण मी काही वर्षं पुण्यात काढली म्हणजे मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे.
गेलेले, पाठवलेले, नको म्हणालेले, आयोजकांच्या बाजूला बसलेले, सगळ्यांनी लिहा. नुसतं 'फ्रॉड आहे' नको, काय झालं ते सांगा.

पोवईनाका
मी साताऱ्यात अकरावीला असताना पुण्याला एमयूएनला गेले होते, म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, प्रत्येकाला एक देश देतात आणि त्या देशाच्या वतीनं बोलायचं असतं. फी 1,800 रुपये, मुक्काम मावशीकडं. मला मिळाला बुर्किना फासो. आधी नकाशात शोधला, मग त्या देशाची भूमिका दोन पानांत लिहून पाठवायची (पोझिशन पेपर म्हणतात), त्यातच आठवडा गेला. पहिल्या दिवशी प्लॅकार्ड (देशाच्या नावाची पाटी, बोलायचं असलं की वर करायची) मांडीवरच राहिलं. पुण्यातली पोरं 'ऑनरेबल चेअर' करत फाडफाड बोलत होती आणि मी आपली सगळं वहीत उतरवून घेत बसलेली. दुसऱ्या दिवशी नायजर झालेल्या मुलीनं चिठ्ठी पाठवली, तुमच्याकडं पण दुष्काळ आहे ना, ठराव मिळून मांडू. तेव्हा काय झालं माहीत नाही, उभी राहिले आणि माणमधल्या आमच्या गावात टँकर आला की पाळी कशी लागते, हंड्यांची रांग कोण लावतं, भांडण कोण मिटवतं ते सगळं बुर्किना फासोच्या नावावर सांगून टाकलं. हॉल शांत. बक्षीस बिक्षीस काही नाही मिळालं पण भीती मोडली ती तिथंच.
पुढच्या वर्षी चेकाळून दिल्लीला गेले, मोठं हॉटेल, फी 14 हजार. तेच प्लॅकार्ड, त्याच चिठ्ठ्या, फक्त पनीर चांगलं होतं.

जुना_ओसी (मूळ तासगाव)
मी कॉलेजात असताना अशा दोन कॉन्फरन्सच्या ऑर्गनायझिंग कमिटीत होतो, तर पडद्यामागचं सांगतो. 'निवड' वगैरे काही नसतं. हॉटेलवाल्याला आकडा आधी द्यावा लागतो, तेवढी डोकी भरायची असतात. रजिस्ट्रेशनच्या फेऱ्या असतात, पहिल्या फेरीत स्वस्त, पुढं महाग, आणि 'शेवटच्या सात जागा' ही ओळ महिनाभर तशीच असती. कॉलेजाकॉलेजात कॅम्पस अँबॅसेडर नेमायचे. नाव भारी, काम एवढंच की ठरलेली पोरं आणा आणि तुमची फी माफ. ती पोरं सर्टिफिकेटवर 'अँबॅसेडर' छापून घेतात आणि सीव्हीत टाकतात.
एकदा एका पोरानं फॉर्ममध्ये 'तुम्हाला लीडर का व्हायचंय' याच्या उत्तरात चुकून आईला पाठवायची किराणा यादी पेस्ट केली होती, शेंगदाणे अर्धा किलो वगैरे. त्याला पण अभिनंदनाचा मेल गेला, मीच पाठवला, कारण शीटमध्ये फक्त मेल आयडीचा रकाना बघायचो.
सगळेच असं करतात असं नाही. काही ठिकाणी निबंध वाचतात, फोनवर मुलाखत घेतात, मुलं नाकारतात पण. म्हणून मी एकच गोष्ट विचारतो, कुणाला 'नाही' म्हणालात का?

हळदीचा_सौदा
आमच्या पोराच्या शाळेनं आठवीची डेलिगेशन म्हणून पोरं मुंबईला न्यायची टूम काढली. डोक्यामागं 23 हजार, शिवाय काळा कोट. मी शाळेत जाऊन खर्चाचा हिशोब मागितला, तर म्हणे आयोजकांकडनं पॅकेज आहे. मग कळलं की ठरावीक पोरं आणली की सोबतचे सर फुकट, रूमसकट. सरांनी जावं हो, त्याला ना नाही, पण मग तसं सांगा की. पावती मागितली ती आजपर्यंत आली नाही. कोट आता होत नाही, पोरगं वाढलं.

भडंग_विथ_कॉफी
72 हजार??? आजी बरोबर आहेत.

अपशिंगेकर
आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे (अपशिंगे मिलिटरी), इथं लीडरशिपची फी कोण भरत नाही 😀 मस्करी सोडा, पण एनसीसी कुणी धरतच नाही बघा. एनसीसीचं सी सर्टिफिकेट असलं की ग्रॅज्युएशननंतर सैन्यात अधिकारी व्हायला एनसीसी स्पेशल एंट्रीतनं अर्ज करता येतो, त्याला लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबीला म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला बोलावतात (सर्टिफिकेटला ठरावीक ग्रेड आणि ग्रॅज्युएशनला 50 टक्के लागतात). त्या कागदाला वजन आहे कारण तो देणारा पैसे घेऊन देत नाही. आमच्या बॅचचा एक जण आज कॅप्टन आहे, त्यानं इंग्रजीत भाषण आयुष्यात केलं नसंल.

जतची_पोर
मी उलटं सांगते. बाबांनी माझ्यासाठी सिंगापूरच्या अशाच एका समिटला 60 च्या आसपास घातले होते आणि मला ते वाया गेले असं कधीच वाटलं नाही. लीडरशिप काय शिकवली विचाराल तर काहीच नाही, एक मोटिव्हेशनल स्पीकर होता तो दोन तास टाळ्या वाजवायला लावत होता, आणि एक 'ग्रुप ॲक्टिव्हिटी' होती ज्यात स्पॅगेटी आणि चिकटपट्टीचा मनोरा करायचा. पण पासपोर्ट झाला, इमिग्रेशनच्या खिडकीत एकटीनं उत्तरं दिली, माझी रूममेट व्हिएतनामची, तिचे पण वडील शेतकरी, रात्री आम्ही गुगल ट्रान्सलेट लावून भाताच्या आणि डाळिंबाच्या भावावर बोलत बसायचो. जतमध्ये पाऊस पडत नाही त्या जागेवरनं निघालेल्या मुलीला हे कुठं मिळणार होतं? बाबांकडं त्या वर्षी डाळिंबाचे पैसे होते, कर्ज नव्हतं काढलं, हे पण सांगायला पाहिजे. ट्रिप म्हणून परवडत असेल तर जावं, सर्टिफिकेटसाठी नको. माझं सर्टिफिकेट कुठं आहे ते आईला विचारावं लागेल.

विश्रामबागकर
@जतची_पोर, हे वाचून ताईला पाठवलं. आता दाजी म्हणतात मग सिंगापूर-बँकॉकची टूरच काढू सगळ्यांची, स्वस्तात होईल.

रिव्हरसाईड_मिशिगन (मूळ कराड)
इकडं अमेरिकेतही हेच आहे, माझ्या मुलीला दहावीत जाडजूड कागदावर सोनेरी शिक्क्याचं पत्र आलं, 'नॉमिनेट' झालीस म्हणून. कुणी केलं ते मात्र पत्रात नाही. तिच्या शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी सरळ सांगितलं की कॉलेज ॲडमिशनला पैसे भरून केलेल्या अशा प्रोग्रॅमचं फार काही वजन नसतं, त्यापेक्षा लायब्ररीत दोन वर्षं नेमानं काम केलेलं दिसलं तर बरं.
मोठ्या विद्यापीठाचं नाव असलं की घाई करू नका. कधी तिथल्या विद्यार्थ्यांच्या क्लबनं भरवलेली असते, कधी नुसता हॉल भाड्यानं घेतलेला असतो, विद्यापीठाचा संबंध तेवढाच. आणि अमेरिकेला असेल तर व्हिसाची फी वेगळी, ती नाकारलं तरी परत मिळत नाही, आयोजकांचं आमंत्रणपत्र असलं म्हणून व्हिसा मिळतो असंही नाही. संयुक्त राष्ट्रांचा निळा लोगो लावून पैसे मागणाऱ्यांपासून तर लांबच राहा, त्यांच्या नावानं खोटी आमंत्रणं फिरतात असा इशारा खुद्द संयुक्त राष्ट्रांनीच साईटवर दिलाय.

एचआरवाली_ताई
मूळची सांगलीची, पुण्यात फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते. सीव्हीवर 'ग्लोबल लीडरशिप समिट' दिसलं की मी विचारते तिथं तू काय केलंस. बहुतेक जण कार्यक्रमपत्रिका सांगतात, पहिल्या दिवशी इनॉग्रेशन, मग पॅनल.
एक मुलगा आठवतो, 2019 च्या पुरात सांगलीत शाळेतल्या कॅम्पवर होता. त्याच्याकडं रजिस्टर दिलं होतं, कुणाला किती ब्लँकेट, किती बिस्किटं. लोक चिडलेले, एकाच घरातनं तिघं तीनदा येतायत, एक आजी नाव सांगायलाच तयार नाहीत. त्यानं मग रेशनकार्ड मागायचं बंद केलं (कार्डं पाण्यात गेलेली) आणि प्रत्येक गल्लीतली एक बाई उभी केली, ती सांगेल ते नाव. सीव्हीत हे नव्हतंच. पुरात कुठं होतास असं मी सहज विचारलं म्हणून निघालं. घेतला त्याला.

खटावचा_पोरगा
मी 'विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग'च्या वेळी भाग घेतलेला, जानेवारी 2025 ला दिल्लीत भारत मंडपममध्ये झालं ते. केंद्र सरकारच्या माय भारत साईटवर आधी क्विझ, मग निबंध, मग राज्य पातळीवर प्रेझेंटेशन. 15 ते 29 वयाला होतं, फी शून्य. मी निबंधातच गळालो. वाईट वाटलं पण कुणीतरी वाचून नाही म्हणालं, @जुना_ओसी म्हणतात तसं. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) पण आहेच की, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. आमच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी गॅस संपला आणि पन्नास जणांचा भात चुलीवर कोण शिजवणार यावरनं जी लीडरशिप झाली ती विचारू नका. भात करपलाच.

कृष्णामाई
आम्ही मुलाच्या वेळी भरण्याआधी त्यांना मेल केला होता. मागच्या वर्षी सांगली, सातारा, कोल्हापूरचं कोण आलेलं, त्यांच्याशी बोलायचंय. फीत काय काय धरलंय. आलो नाही तर किती परत. फी परवडत नाही, स्कॉलरशिप आहे का.
पहिल्या दोनाला उत्तर नाही. तिसऱ्याला 'नॉन रिफंडेबल'. चौथ्याला मात्र अर्ध्या तासात फोन, की तुमच्या मुलाची प्रोफाईल बघून कमिटीनं स्पेशल 40 टक्के माफ केलेत, आजच भरा. प्रोफाईल म्हणजे फक्त नाव आणि कॉलेज लिहिलं होतं हो आम्ही. नाही भरले. मेल अजून येतात, हल्ली नावाआधी 'हिज एक्सलन्सी' असतं.