डेसिमेट म्हणजे नक्की किती नाश?

बेडूकमित्र: एका रिपोर्टमध्ये मी लिहिलं की बुरशीच्या रोगाने बेडकांची संख्या डेसिमेट झाली, मला म्हणायचं होतं पार धूळधाण झाली, तर सीनियरनी लाल पेनाने बाजूला लिहिलं 'म्हणजे फक्त दहा टक्के??' हे दहा टक्के कुठून आले? शब्द बदलू का?

शब्दखोर: लॅटिनमधून आले. डेकेम म्हणजे दहा, डिसेंबर पण तिथलाच, आपलं दश याच गोतावळ्यातलं. रोमन सैन्यात एखादी तुकडी लढाईतून पळाली की दहा-दहाचे गट पाडून चिठ्ठ्या टाकायचे आणि ज्याच्यावर चिठ्ठी येईल त्याला उरलेल्या नऊ जणांनीच दांडक्याने ठेचून मारायचं. वाचलेल्यांना गव्हाऐवजी जव, आणि झोपायला छावणीच्या तटाबाहेर. ही शिक्षा म्हणजेच डेसिमेशन. ती बरीच वर्षं बंद होती, ती स्पार्टाकसच्या गुलामांच्या बंडाच्या वेळी (इ.स.पू. ७३ ते ७१) रोमन सेनापती क्रॅससने उकरून काढली. प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार लिहितो की पळालेल्यांपैकी ५०० जण निवडले, त्यांचे ५० गट केले, प्रत्येकातला एक मारला. खरी दहशत त्या ५० मेलेल्यांची नाही हो, स्वतःच्या हाताने मित्राला मारून परत रांगेत उभं राहायचं त्याची.

खाडाखोड: तुमचे सीनियर जुना हिशोब घेऊन बसलेत. इंग्रजीत 'प्रचंड नाश' हा अर्थ १७व्या शतकापासून चालत आलाय. दशांश कर घेणं हाही अर्थ होता, १६५५ मध्ये इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधारी क्रॉमवेलने राजाच्या बाजूच्या लोकांवर बसवलेल्या कराला डेसिमेशनच म्हणायचे, पण तो आता इतिहासात जमा. आणि मुळावरच जायचं तर ऑब्लिटरेटमध्ये (पार पुसून टाकणं) लिटरा म्हणजे अक्षर आहे, मग काय फक्त अक्षरंच पुसायची? फक्त डेसिमेटच्या शेजारी टक्केवारी देऊ नका, आणि 'कम्प्लीटली' तर लावूच नका, तिथे वाचणारा अडखळतोच.

बेडूकमित्र: अरे देवा, मी कम्प्लीटली पण लावलंय आणि पुढे कंसात टक्के पण दिलेत 😅

खाडाखोड: मग लाल पेन बरोबर जागी पडलंय, कारण चुकीचं दिलं इतकंच. कम्प्लीटली उडवा, टक्के वेगळ्या वाक्यात टाका. डेसिमेट राहू दे.