तांब्याची सुरी: कडा फाटतात, धार वळते. मदत हवी आहे

घोडकाठ
नमस्कार मंडळी. तांब्याची सुरी करतोय, पूर्ण हाताने. लोखंडी हातोडाही वापरत नाही. नदीतला काळा गोटा हातोड्याला आणि मोठा सपाट दगड ऐरणीला. पट्टी ठोकून पातळ करायला घेतली की कडेला तडे जातात. जी एक जमली तिची धार काकडी कापतानाच वळली. पाणी दिलं (लाल तापवून पाण्यात बुडवलं), तरी तेच. रविवारी शाळेतल्या मुलांना ताम्रपाषाणयुगातलं हत्यार करून दाखवायचंय, तेव्हा लवकर सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळे बघून झालेत.

तांबटआळी
पट्टी आणली कुठून? पत्रा आहे, भंगारातली जाड पट्टी आहे की स्वतः ओतलीत? ठोकताना मधे तापवता का? जाडी किती?

रानवाटा
थोडं जस्त घाला. पितळ होईल, कडक राहील. आमच्याकडे ओतारी तेच करायचे.

रसायनी
कृपया जस्त घालू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, तांबं वितळायलाच १०८५ अंश लागतात. उघड्या भट्टीवर पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. आणि ताम्रपाषाणयुग दाखवायचं तर पितळ कशाला?

घोडकाठ
वायर जाळून तांबं काढलं, मुशीत वितळवून मातीच्या साच्यात ओतलं. भाता नाही, बांबूच्या फुंकण्या. मधे तापवतो की! लाल करून पाण्यात बुडवतो, शेवटीही.

रसायनी
वायर जाळू नका हो. वरच्या प्लास्टिकमधून हायड्रोजन क्लोराईड आणि डायॉक्सिन निघतात. सोलून काढा.

घोडकाठ
माझा प्रश्न तो नाहीये.

रसायनी
नसेल, पण रविवारी भट्टीभोवती मुलं उभी असणार.

रानवाटा
मग पाण्यात बुडवल्यामुळेच तडे जातायत. गरम धातू एकदम गार केला की तडकणारच.

तांबटआळी
नाही. तांबं लाल करून बुडवलं काय न् सावकाश निवू दिलं काय, मऊच होतं. उलट बुडवल्यावर वरची काळी खपली सुटते, काम स्वच्छ होतं. आमच्या घरी हंडे, घंगाळी अशीच मठारली गेली.

घोडकाठ, तुमची दुखणी दोन आहेत. आधी धार. पाणी द्यायचं ते पोलादाला. तुम्ही शेवटी लाल करून बुडवलंत, म्हणजे ठोकून आलेला सगळा कडकपणा काढून टाकलात. तांबं कडक होतं ते फक्त थंड असताना ठोकून. आता फाटण्याचं बघू. एक पट्टी मोडा आणि मोड कसा दिसतो ते सांगा.

जुनंपानं
मुलांना अर्धवट माहिती जाऊ नये म्हणून लिहितो. जोर्वे काळातली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगातली माणसं रोजचं कापाकापीचं काम मुख्यतः चाल्सिडनी या गारेसारख्या दगडाच्या बारीक पात्यांनी करायची. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तिथेही दगडी पाती भरपूर आणि तांबं मोजकं. तांबं मौल्यवान होतं. तरी चांडोलीला तांब्याची कट्यार सापडली आहे आणि खुद्द जोर्व्याला चपट्या कुऱ्हाडी, त्यामुळे तुमचा प्रयोग अगदी निराधार नाही.

रानवाटा
आणि दायमाबादला सापडलेला तो धातूचा रथ?

जुनंपानं
तो ओतीव. १९७४ला सापडलेल्या चार वस्तूंपैकी एक. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, त्यावर वेगळा धागा काढा.

मिशिगनवासी
इथे लेक सुपिरियरच्या काठी नैसर्गिक शुद्ध तांबं मिळतं. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी ते वितळवलंच नाही. ठोकायचं, तापवायचं, परत ठोकायचं, त्यातूनच सुऱ्या आणि भाल्याची टोकं. ओतायच्या भानगडीत पडताच कशाला?

सुगरण_७०
तांब्याच्या सुरीने लिंबू, चिंच, कैरी कापून खाऊ नका. आंबटाने तांबं उतरतं. पुण्यात कल्हई करणारं कोणी माहीत आहे का?

घोडकाठ
पट्टी मोडली. आत विटकरी रंग आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं.

तांबटआळी
मग ओतणंच बिघडलंय. चांगल्या तांब्याचा मोड गुलाबीसर आणि तंतूसारखा दिसतो. फुंकणीचा वारा थेट रसावर गेला, रसाने हवा खाल्ली. पुढच्या वेळी मुशीत रसावर कोळशाच्या भुकटीचा जाड थर ठेवा. साचा आधी चांगला भाजून घ्या आणि गरम असतानाच ओता. ओलसर साच्यात ओतलं तर वाफ होऊन रस अंगावर उडतो, मुलांना लांब ठेवा.

रविवारसाठी मात्र ओतूच नका. भंगारवाल्याकडून तीन मिलिमीटरची तांब्याची पट्टी घ्या. थंडच ठोका. घाव बसायच्या ऐवजी गोटा उसळायला लागला की थांबा, तिथून पुढे ठोकलंत तर तडा गेलाच. सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवा, बुडवा, परत ठोका. कडेला बारीक चीर दिसली तर लगेच दगडावर घासून काढा, नाहीतर ती आत पळते. पात्याला आकार आला की शेवटचं तापवणं. त्यानंतर फक्त धारेची कड थंड ठोकायची, विस्तव दाखवायचा नाही. मग वाळूच्या दगडावर पाणी घालून घासा.

रसायनी
याला दुजोरा. मऊ तांबं कडकपणाच्या विकर्स मापावर ५०च्या आसपास असतं, थंड ठोकून १००च्या वर जातं. फक्त पट्टी धगधगत्या कोळशात गाडून ठेवू नका. विजेच्या कामाच्या तांब्यात मुळातच थोडा ऑक्सिजन असतो, भट्टीतल्या वायूंनी ते आतून ठिसूळ होतं. लाल झाली की बाहेर.

रानवाटा
मी अजूनही म्हणतो, सावकाश निवू द्या.

घोडकाठ
पट्टी मिळाली. सांगितलं तसं केलं, कड फाटली नाही. टोमॅटोची साल कापते, बोरूही तासला. आता मूठ कशी बसवू? लोखंडी खिळा नकोय.

तांबटआळी
मुठीत जाणारं शेपूट किती लांब ठेवलंय? ते सांगा आधी. दोन बोटं तरी असेल तर बाभळीच्या लाकडाला चीर पाडून आत घाला, लाख वितळवून भरा आणि वरून ताग आवळून गुंडाळा.