फिलिप्पैकरांस पत्र पूर्ण पाठ करायचं आहे, सुटी वचनं टिकत नाहीत

प्रश्न : नवा_पाठक

जय ख्रिस्त. शब्बाथशाळेतल्या (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गातल्या) सुवर्णवचनांच्या, म्हणजे पाठ करायला दिलेल्या निवडक वचनांच्या पद्धतीने वचनं पाठ होतात, पण महिनाभरात निम्मी जातात. शब्द आठवले तर अध्याय-वचनाचा आकडा आठवत नाही, आकडा आठवला तर सुरुवातच सापडत नाही. म्हणून आता सुटी वचनं सोडून अख्खं पत्र घ्यायचं आहे. बायबलच्या नव्या करारातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र निवडलं, ४ अध्याय. रोज किती वचनं घ्यावीत? उजळणी कशी ठेवावी? छापील प्रत बायबल सोसायटीची आहे, मोबाइलवर मात्र सोपी आवृत्ती. दोन्ही चालतील का?

उत्तर १ : शाळामास्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांचं पाठांतर तिथेच फसतं. दोन आवृत्त्या मुळीच चालणार नाहीत. डोळा एका वाक्याला सरावतो आणि कान दुसऱ्याला, मग ऐन वेळी ‘प्रीती’ म्हणायचं की ‘प्रेम’ इथेच जीभ अडते. छापील प्रत ठरवा आणि मोबाइलवरही तेच भाषांतर उघडा. शक्यतो प्रतही तीच ठेवा. वचन डाव्या पानावर वर होतं की उजव्या पानावर तळाशी, हे मनात राहतं आणि आठवायला मदत करतं.

आता हिशोब. अध्यायांची वचनं ३०, ३०, २१ आणि २३, एकूण १०४. आठवड्याला ४ घेतली तर २६ आठवडे. पण दर चार आठवड्यांनी एक आठवडा नवीन काही न घेता फक्त उजळणीला ठेवा, म्हणजे साधारण ३२ आठवडे धरा. रोज २ घेणारे पहिला अध्याय झपाट्याने संपवतात आणि दुसऱ्यात शिरेपर्यंत पहिला विसरलेले असतात.

नवीन वचन असं घ्या. आधी पूर्ण परिच्छेद मोठ्याने तीनदा वाचा. मग वचनाचे तुकडे पाडून शेवटाकडून सुरुवात करा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सुरुवातीकडून पाठ केलं की शेपूट कच्चं राहतं. ४:१३ (अध्याय ४, वचन १३) घ्या. पहिल्यांदा ‘शक्तिमान आहे’, मग ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’, मग ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून’ जोडून पूर्ण. प्रत्येक टप्पा पाच वेळा, शेवटचे दोन वेळा पुस्तक मिटून. (‘शक्तिमान’ऐवजी ‘समर्थ’ म्हणणारे पुष्कळ आहेत. अशी चूक पहिल्याच दिवशी पकडा, आठवड्याने ती पक्की होते.)

उजळणी : नवीन वचन सलग ७ दिवस रोज, पुढचे ७ आठवडे आठवड्यातून एकदा, त्यानंतर महिन्यातून एकदा. अध्याय पूर्ण झाला की त्याला एक वार नेमून द्या.

उत्तर २ : वहीवाली_ताई

मास्तरांच्या पद्धतीला आद्याक्षरांची वही जोडा. ४:६ असं लिहायचं :

क चिं हो न / त स गो प्रा व वि क / आ आ मा दे क

म्हणजे ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’. काना-मात्रा आणि जोडाक्षरं ठेवायचीच. नुसतं ‘प’ लिहिलं तर ‘प्रार्थना’ की ‘परमेश्वर’, कळत नाही. यातली गोम म्हणजे लागोपाठचे दोन ‘आ’. ‘आभारप्रदर्शनासह’ हा शब्द हमखास गळतो, कारण तो वगळूनही वाक्य सुरळीत लागतं. जो शब्द काढला तरी वाक्य चालतं, तोच आधी विसरला जातो. त्याच्याभोवती वर्तुळ करा.

४:८ची यादीही अशीच घसरते. सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय, सहाही वेळा ‘जे काही’. मग ‘जो काही सद्गुण, जी काही स्तुती’. सहा बोटं मोजा. ‘जे’ संपून ‘जो’ आला की यादी संपत आली.

३:१ आणि ४:४ या दोन्ही ठिकाणी ‘प्रभूमध्ये आनंद करा’ आहे. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच माणूस चौथ्यात उडी मारतो आणि मधली तेवीस वचनं गायब. उपाय एकच : ३:१ कधीही एकटं म्हणू नका, पुढच्या कुत्र्यांविषयीच्या इशाऱ्याला जोडूनच म्हणा. ४:४च्या पाठोपाठ ‘प्रभू समीप आहे’ येतं, तीही जोडी बांधून टाका.

उत्तर ३ : संदर्भ_आधी

वरच्या दोघांशी सहमत. आकड्यांबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. अख्खं पत्र म्हणताना वचनांचे आकडे उच्चारू नका. पौलाने ते लिहिलेले नाहीत. नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रॉबर्ट एस्तियेन या छापणाऱ्याने १५५१च्या ग्रीक आवृत्तीत घातले. ४:६ ‘कळवा’पाशी थांबतं आणि देवाच्या शांतीविषयीचं ४:७ ‘म्हणजे’ने सुरू होतं. मध्ये ‘सात’ म्हटलं की मागणी आणि शांती यांचा सांधाच तुटतो. प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वचनाचा आकडा तेवढा पाठ ठेवा, मधले मोजून निघतात.

पूर्ण पत्र घेतल्याचा खरा फायदा ४:१३ला दिसतो. परीक्षेच्या, सामन्याच्या आदल्या दिवशी ते एकटंच म्हटलं जातं. ४:११ आणि १२ पाठ असतील तर विषय उपाशी राहण्याचा आणि भरल्या पोटाचा, दोन्हीत तृप्त असण्याचा आहे हे आपोआप समोर येतं. तोडलेल्या वचनाचं काय होतं ते मत्तय ४:६मध्ये बघा. येशूची परीक्षा घेताना सैतान स्तोत्र ९१ म्हणतो, पण देवदूत ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझं रक्षण करतील हा भाग गाळून. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत : ८:३, ६:१६ आणि ६:१३.

नवा_पाठक

आभारी आहे. २:५-११ सात वचनं आहेत, आठवड्याला चारच्या हिशोबात बसत नाहीत. तोडू का?

शाळामास्तर

एकदाच तोडा, ८नंतर. तिथे ख्रिस्ताचं वधस्तंभावरच्या मरणापर्यंतचं खाली उतरणं संपतं आणि ९पासून उंचावणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात चार, दुसऱ्यात तीन. दुसऱ्या आठवड्यात रोज ५पासूनच सुरू करा, नाहीतर ९ची सुरुवात सापडणार नाही.